आधी पिशवी पलंगावर रिकामी करा

दुपारचे साडेबारा. डिस्चार्ज कार्ड तयार, मुलगा बिलाच्या खिडकीवर, खाली रिक्षा थांबवलेली, मावशी चादर बदलायला पलंगाशी येऊन उभ्या. नेमक्या याच वेळी नव्या सिस्टरच्या हातात औषधांची पिशवी येते. "ही सकाळी, ही रात्री, ही जेवणानंतर, ही लागली तरच. समजलं ना?" पेशंट मान हलवतो, सून मान हलवते आणि दीड मिनिटात काम उरकतं.

मीही पहिली दोन-तीन वर्षं असंच उरकायचे. मग वागळे इस्टेटकडचे एक दम्याचे काका आठ दिवसांत परत आले, आधीपेक्षा जास्त धाप घेऊन. औषध घेताय ना विचारलं, तर म्हणाले, "रोज न चुकता. दोन कॅप्सूल, पाण्याबरोबर." श्वासातून ओढायच्या रोटाकॅप ते गिळत होते. यंत्र घरी डब्यात जपून ठेवलं होतं, धूळ बसू नये म्हणून. मी त्यांना यंत्र दाखवलं होतं, हे मला पक्कं आठवतं. त्यांच्या हातात दिलं नव्हतं, हेही आठवतं.

नुकतंच जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग करून ठाणे-नवी मुंबईतल्या एखाद्या वॉर्डात रुजू झालेल्या सिस्टर-ब्रदरसाठी हे लिहिते आहे. घरी जाऊन पेशंट सांभाळणाऱ्यांनाही यातलं बरंच कामी येईल. एक हद्द आधीच आखून घेऊ: कोणतं औषध, किती, कधी बंद, हे डॉक्टर ठरवतात. ठरलेलं औषध पेशंटच्या घरी ठरल्याप्रमाणे पोटात जाईल, याची तजवीज आपण करायची.

आदल्या संध्याकाळी सुरुवात करा

उद्या सोडणार, असं राउंडला कळलं की त्याच दिवशी भेटीच्या वेळेत कामाला लागा. सगळ्यात आधी विचारा, घरी गोळ्या कोण देणार? त्या माणसालाच बोलवा. वॉर्डात दिवसभर बसणारा भाचा एक आणि घरी गोळ्या काढून देणारी सून दुसरी, असं फार वेळा असतं. भाच्याला तुम्ही कितीही छान समजावलं तरी घरी पोचेपर्यंत त्यातलं निम्मं ऐरोलीच्या पुलावर सांडलेलं असतं.

खरं तर रोजचं औषधवाटप हाच धडा. गोळी हातावर ठेवताना एका वाक्यात सांगा, "आजी, ही बीपीची." दुसऱ्या दिवशी तीच गोळी दाखवून विचारा, ही कशाची? तिसऱ्या दिवशी आजीच तुम्हाला सांगायला लागतात. आणि एखाद्या सकाळी "सिस्टर, ही कालची नाही" असं त्या म्हणाल्या, तर त्यांचं ऐका. गोळी परत घ्या, ट्रीटमेंट शीट बघा, मगच द्या.

योग्य पेशंट, योग्य औषध, योग्य डोस, योग्य मार्ग, योग्य वेळ हे पाच मुद्दे तुम्हाला पाठ आहेत. आपल्या भागात त्यातला पहिलाच फसवतो. एकाच वॉर्डात तीन पाटील आणि दोन म्हात्रे असणं ही इथे नेहमीची गोष्ट आहे, आणि रात्रीतून कुणीतरी खिडकीजवळच्या पलंगावर हललेलंही असतं. म्हणून पलंगाच्या नंबरावर औषध देऊ नका. "तुम्ही पाटील ना?" असंही विचारू नका, कमी ऐकू येणारे आजोबा कशालाही हो म्हणतात. "पूर्ण नाव सांगा" म्हणा आणि ते हातावरच्या पट्टीशी किंवा केस पेपरवरच्या नंबराशी जुळवा.

डिस्चार्ज कार्ड हातात आलं की ते ट्रीटमेंट शीटशेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून बघा. शीटवर रोज चालू असलेली गोळी कार्डावर नाही, तर ती बंद केली आहे की लिहायची राहिली? याचं उत्तर पेशंटसमोर अंदाजाने देऊ नका. डॉक्टरांना विचारा आणि कार्डावर लिहून घ्या. मी एका महिन्यात अशा किती जागा पकडते ते मोजलेलं नाही, पण एकही न सापडलेला आठवडा मला आठवत नाही.

पिशवी

"घरी आधीपासून काय चालू आहे?" या प्रश्नाला "बीपीची एक आणि शुगरची एक" एवढंच उत्तर मिळतं. त्यामुळे विचारत बसू नका, मागवून घ्या. घरातली औषधांची सगळी पिशवी, फ्रीजवरचा बिस्किटाचा डबा, उशीखालची पुडी, जे असेल ते. पलंगावर वर्तमानपत्र पसरा आणि सगळं त्यावर रिकामं करा.

काय काय निघतं म्हणाल! चार गोळ्यांपुरत्या कापलेल्या स्ट्रिप, ज्यांच्यावर ना नाव उरलंय ना तारीख. शेजारणीने गुडघ्याला म्हणून दिलेली दुखण्याची गोळी. कधी उघडले ते कुणालाच न आठवणारे डोळ्यांचे थेंब. चूर्णाची बाटली, साबुदाण्यासारख्या गोड गोळ्यांची शिशी. आणि नेमका धोका असतो तो म्हणजे एकच औषध दोन नावांनी. हॉस्पिटलच्या फार्मसीने दिलेली बीपीची जेनेरिक ॲम्लोडिपिन आणि घरात आधीच असलेली दुसऱ्या नावाची ॲम्लोडिपिन. पेशंट दोन्ही घेतो, कारण त्याच्या लेखी त्या दोन वेगळ्या गोळ्या आहेत. मग सकाळी उठताना भोवळ येऊन न्हाणीघरात पडतो आणि घरचे म्हणतात, अशक्तपणा आलाय. पॅरासिटामोलचंही तेच. डोलो, क्रोसिन, कालपोल ही तिन्ही नावं एकाच औषधाची, आणि सर्दीच्या बहुतेक गोळ्यांतही ते मिसळलेलं असतंच. मोठ्या माणसासाठी दिवसाला ४ ग्रॅम ही त्याची वरची हद्द. वजन कमी असेल, यकृत बिघडलेलं असेल किंवा दारू असेल तर त्याहून बरीच खाली. स्ट्रिपवर मोठ्या अक्षरातल्या नावाखाली बारीक अक्षरात औषधाचं मूळ नाव असतं. ते वाचायची सवय स्वतःला लावा आणि घरातल्या शिकलेल्या मुलीलाही लावा.

आता तीन ढीग करा: चालू, नवी आणि बंद. ज्या वस्तूचं काय करायचं ते कळत नाही ती चौथ्या ढिगात ठेवा, ती डॉक्टरांना दाखवायची. बंद झालेल्या औषधांच्या स्ट्रिपवर मार्करने मोठी फुली मारा. फेकून द्या म्हणून सांगण्यात अर्थ नाही. पैसे मोजलेले असतात, कुणी फेकत नाही. "परत लागली तर" म्हणून ती गोळी डब्यात जाते आणि दोन महिन्यांनी पोटात. फुली मारलेली स्ट्रिप निदान हात थबकवते.

जाता जाता एक सूचना घरच्यांना द्या: स्ट्रिप वापरताना नाव आणि तारीख छापलेलं टोक शेवटपर्यंत राहू द्या, गोळ्या दुसऱ्या टोकाकडून काढा.

त्यांचा दिवस विचारा

हा भाग सगळे टाळतात, कारण यात औषधाचा विषय येत नाही. मी तर म्हणेन, वेळ कमीच असेल तर बाकीचं थोडं कमी करा, पण हे करा.

कोपरखैरण्याचे एक माथाडी काका आमच्याकडे होते, मधुमेहाचे. वाशीच्या भाजी मार्केटात काम. गाड्या रात्री येतात, म्हणून हे मध्यरात्री घर सोडायचे, अकराला परत, जेवण करून झोप, संध्याकाळी पाचला उठायचे. कार्डावर लिहिलं होतं १-०-१, म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. त्यांची "सकाळ" कोणती? ते उठल्यावर चहाबरोबर, म्हणजे संध्याकाळी, सकाळची गोळी घ्यायचे आणि रात्रीची गोळी निघायच्या गडबडीत राहून जायची. यात त्यांचं काही चुकलं नव्हतं. त्यांच्या गोळीपुरती १-०-१ ही खूण घड्याळाची नाही, जेवणाची आहे, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. डॉक्टरांशी बोलून त्यांच्या दोन मोठ्या जेवणांना गोळ्या बांधून दिल्या: कामावरून आल्यावरचं जेवण आणि निघण्याआधीचं. टीटीसी औद्योगिक पट्ट्यातल्या कारखान्यांत पाळ्या बदलणारे, रात्री गाडी चालवणारे, सुरक्षारक्षक, या सगळ्यांना आधी हाच प्रश्न: पहिलं जेवण कधी, शेवटचं कधी, झोप कधी?

दुसरा प्रश्न उपासाचा. संकष्टीला चंद्रोदय कधी साडेआठला, कधी दहाच्या पुढे. शुगरची ग्लिमेपिराइड सकाळी नेहमीसारखी घेतलेली, दिवसभर चहा आणि एखादं केळं, आणि चंद्र दिसायच्या आत आजी साखर उतरून घामाघूम होऊन बरळायला लागतात. "उपास करू नका" असं म्हटलंत तर "बरं" म्हणतील आणि घरी जाऊन करतील. त्याऐवजी विचारा, कुठले उपास असतात, त्या दिवशी काय खाता, किती वाजता सोडता? उत्तर डॉक्टरांना कळवा आणि उपासाच्या दिवशीची गोळी किंवा इन्सुलिन कसं घ्यायचं ते कार्डावर वेगळ्या ओळीत लिहून घ्या. मुंब्र्याकडच्या पेशंटला रमजानच्या सेहरी-इफ्तारबद्दल हेच विचारायचं, आणि ते महिना सुरू व्हायच्या आधी.

तिसरा प्रश्न पैशाचा. हा चारचौघांत विचारू नका. "यातली कुठली गोळी महाग पडते?" असं हळूच विचारलं की कळतं, महिनाअखेरीस कोणती गोळी एक दिवसाआड होणार आहे ते. मग जनऔषधी केंद्रात तेच औषध स्वस्त मिळेल का, सरकारी किंवा पालिकेच्या दवाखान्यात मिळतं का, हे बोलता येतं. क्षयरोगाची औषधं सरकारी कार्यक्रमात मोफत असतातच, शिवाय निक्षय पोषण योजनेत नोव्हेंबर २०२४ पासून उपचार चालू असेपर्यंत महिन्याला १००० रुपये खात्यात जमा होतात. नाव नोंदलं आहे का आणि खातं जोडलं आहे का, एवढं विचारून ठेवा.

आता समजवा, पण थोडं

प्रत्येक औषधाचं तीन वाक्यांत सांगा: कशासाठी आहे, कधी घ्यायचं, चुकलं तर काय करायचं. दुष्परिणामांची जंत्री वाचून दाखवू नका. घाबरवणारा पण निरुपद्रवी परिणाम मात्र आधीच सांगा, नाहीतर पेशंट औषधच सोडतो. क्षयरोगाच्या रिफाम्पिसिनने लघवी लालसर-नारिंगी होते, लोहाच्या गोळीने शौच काळं होतं. हे दोन न सांगितल्यामुळे मध्येच बंद झालेले उपचार मी पाहिले आहेत.

डोस चुकला तर सर्वसाधारण नियम असा: थोड्या वेळात आठवलं तर घ्या, पुढच्या डोसची वेळ जवळ आली असेल तर सोडा, दोन एकदम कधीच घेऊ नका. इन्सुलिन, रक्त पातळ करायच्या गोळ्या आणि फिटच्या गोळ्या यांना हा नियम परस्पर लावू नका. त्यांचं काय करायचं ते डॉक्टरांकडून लिहूनच घ्या.

लिहिताना अक्षर मोठं ठेवा. वाचता येत नसेल तर स्ट्रिपवर मार्करने सूर्य आणि चंद्र काढा, जेवणानंतरच्या गोळीवर ताट. आकड्यांबाबत एक खास आपल्याकडची गोम: देवनागरी १ घाईत इंग्रजी नऊसारखा दिसतो आणि देवनागरी ४ इंग्रजी आठसारखा. कार्ड इंग्रजीत, चिठ्ठी मराठीत, आणि केमिस्टकडचा मुलगा तिसऱ्याच भाषेत शिकलेला. डोसचा आकडा अक्षरातही लिहा: "एक गोळी", "चार युनिट". "युनिट" हा शब्द पूर्ण लिहा. इंग्रजीत नुसतं एक अक्षर टाकलं की ते शून्यासारखं वाचलं जातं आणि चाराचे चाळीस होतात.

हिंदी येतच असेल. दोन-चार वाक्यं पेशंटच्या बोलीतली शिकून घ्या. मात्र दहा वर्षांच्या मुलाला दुभाषा करू नका. तो आईला वाईट वाटेल ते गाळतो.

इन्सुलिनला वेगळा अर्धा तास

घरी पहिल्यांदाच इन्सुलिन सुरू होतंय त्या पेशंटला डिस्चार्जच्या आधी निदान दोनदा स्वतःच्या हाताने टोचायला लावा. तुम्ही शेजारी उभ्या राहा आणि हात मागे बांधून ठेवा.

सुरुवात सिरिंजपासून. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुतेक वेळा १ मिलीत ४० युनिट या ताकदीचं असतं; त्याला ४०ची सिरिंज, टोपण लाल. १००च्या सिरिंजचं टोपण नारिंगी. टोपणावर भिस्त न ठेवता बाटलीवरचा आणि सिरिंजवरचा आकडा जुळवायला शिकवा. ४०च्या बाटलीतलं औषध १००च्या सिरिंजने २०च्या खुणेपर्यंत ओढलं तर पोटात जातात फक्त ८ युनिट. उलट १००च्या ताकदीचं औषध ४०च्या सिरिंजने २०पर्यंत ओढलं तर ५० युनिट जातात, आणि हे जिवावर बेतू शकतं. इन्सुलिन पेनच्या काडतुसातलं औषध साधारणपणे १००च्या ताकदीचं असतं. ते सिरिंजने ओढून वापरू नका, असं स्पष्ट सांगा. पेनची सुई अडकली म्हणून काडतुसात सिरिंज घालणारे महाभाग भेटतात.

मग क्रम. हात धुणं. औषध दुधट असेल तर बाटली दोन्ही तळव्यांत हळूहळू फिरवणं, हलवायची नाही, फेस होतो. पोटावर टोचायचं तर बेंबीपासून दोन इंच सोडून. रोज जागा बोटभर सरकवायची. एकाच ठिकाणी टोचून गाठ झाली की तिथे दुखत नाही, म्हणून पेशंटला तीच जागा आवडते, आणि औषध मात्र तिथून नीट शोषलं जात नाही. साखर विनाकारण वरखाली होत असेल तर डोसकडे बघण्याआधी पोट चाचपून बघा. पेन असेल तर प्रत्येक वेळी आधी २ युनिट हवेत सोडून सुईतून थेंब येतो का पाहायचं, टोचल्यावर बटण दाबून मनात दहापर्यंत मोजायचं, मग सुई काढायची. चोळायचं नाही. साधं किंवा ३०/७० मिश्रणाचं मानवी इन्सुलिन जेवणाच्या अर्धा तास आधी. नव्या काही प्रकारांना ताट वाढल्यावर टोचायचं असतं, तेव्हा कार्ड बघून सांगा. आणि अर्धा तास आधी टोचायचं म्हणजे घरात जेवण तयार आहे ना, हे आधी बघायचं. टोचून मग कुकर लावणारी घरं असतात.

ठेवायचं कुठे? न उघडलेली बाटली फ्रीजमध्ये २ ते ८ अंशांत. बर्फाच्या कप्प्यात किंवा त्याला चिकटून नको. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर चांगलं दिसलं तरी टाकून द्यायचं. उघडलेली बाटली साधारण २८ दिवस. उघडल्याची तारीख बाटलीवर लिहा. फ्रीज नसेल तर बाटली झाकणाच्या डबीत घालून डबी माठाशी, सावलीत. आपल्या दमट हवेत माठ घाटावरच्यासारखा थंड करत नाही, पण पत्र्याच्या घरातल्या मे महिन्याच्या उकाड्यापासून आडोसा नक्की देतो. गणपतीला कोकणात जाणाऱ्यांना सांगा, इन्सुलिन जवळच्या पिशवीत, थेट बर्फावर नको आणि डिकीत तर नकोच. आठ-दहा दिवसांचं औषध जास्तीचं घ्या. परतीची गाडी कधी मिळेल ते गणपतीच जाणे.

सुया जाड प्लॅस्टिकच्या बरणीत जमवा. घंटागाडीच्या ओल्या कचऱ्यातली सुई कुणाच्या हातात शिरते ते सांगितलं की लोक ऐकतात. भरलेली बरणी दवाखान्यात आणून द्या म्हणावं.

शेवटी साखर उतरल्याची लक्षणं: थरथर, दरदरून घाम, एकदम भूक, चिडचिड, असंबद्ध बोलणं. मशीनवर ७०च्या खाली, किंवा मशीन नसेल तर लक्षणं दिसताच, चहाचे तीन चमचे साखर थोड्या पाण्यात. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं, उतरलेलीच असेल तर पुन्हा तेवढीच साखर, मग खाणं. चॉकलेट, बिस्किट यांनी वेळ जातो. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही ओतायचं नाही, कुशीवर वळवून १०८ला फोन. वर सांगितलेल्या ग्लिमेपिराइडसारख्या गोळीने साखर उतरली असेल तर एकदा वर आल्यावरही ती पुन्हा उतरू शकते. अशा पेशंटला घरी साखर देऊन निवांत बसू नका, दाखवायला आणा.

थोडक्यात, पण विसरू नका

संधिवातासाठी दिली जाणारी मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. ती रोज घेतली तर तोंडात फोड येतात, रक्तातल्या पेशी घसरतात आणि माणूस दगावू शकतो. कार्डावर वाराचं नाव पूर्ण लिहा. तिच्यासोबत फॉलिक ॲसिड वेगळ्या दिवशी असतं, दोन्ही गोळ्या बऱ्याचदा लहान आणि पिवळसर. दोन वेगळ्या डब्या, एकीवर वार.

थायरॉइडची गोळी उपाशीपोटी, चहाच्या अर्धा ते एक तास आधी. आपल्या लोकांना हे जड जातं, म्हणून गोळीची बाटली दात घासायच्या ब्रशजवळ ठेवायला सांगा. लोह आणि कॅल्शियम तिच्यापासून चार तास लांब. लोहाची गोळी चहाबरोबर नको.

छातीत दुखल्यावरची जिभेखालची सॉर्बिट्रेट बसून घ्यायची, गिळायची नाही. पुरुष पेशंट असेल तर लैंगिक ताकदीच्या (सिल्डेनाफिलसारख्या) गोळ्या घेता का, हे ब्रदरने बाजूला नेऊन विचारावं. दोन्ही एकत्र आल्या तर बीपी धोकादायक उतरतं.

इनहेलर पेशंटच्या हातात द्या (काकांची आठवण ठेवून). श्वास सोडायला लावा, ओढायला लावा, दहापर्यंत रोखायला लावा, आणि औषध स्टिरॉइडचं असेल तर चूळ भरायला लावा.

बाळाच्या तापाच्या पॅरासिटामोलमध्ये आई नव्हे, बाटल्या गोंधळ घालतात. थेंबांच्या बाटलीत १ मिलीत १०० मिलिग्रॅम, एका सिरपमध्ये ५ मिलीत १२५, दुसऱ्यात ५ मिलीत २५०. दहा किलोच्या बाळाला किलोमागे १५ या हिशेबाने १५० मिलिग्रॅम द्यायचं तर थेंब दीड मिली, पहिलं सिरप ६ मिली, दुसरं ३ मिली. सिरपचा ६ मिली डोस ध्यानात ठेवून कुणी थेंबांची बाटली तितकीच दिली तर चौपट औषध गेलं. म्हणून मिली आणि बाटली दोन्ही लिहा, आणि मोजायला बाटलीसोबतचं माप किंवा सिरिंज. स्वयंपाकघरातला चमचा घरोघरी वेगळा. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यात पूर्ण घालायचं, अर्धं अर्धं नाही, आणि चोवीस तासांनी उरलेलं ओतून द्यायचं.

नळी लावून घरी जाणारा पेशंट

राइल्स ट्यूब, म्हणजे नाकातून पोटात घातलेली नळी, असलेल्या पेशंटच्या घरी सगळ्या गोळ्या खलबत्त्यात एकत्र कुटल्या जातात. नावापुढे एसआर, ईआर, एक्सआर किंवा सीआर असलेल्या आणि पॅन्टोप्राझोलसारख्या आवरण असलेल्या गोळ्या कुटायच्या नसतात. दिवसभर हळूहळू सुटायचं औषध एकदम सुटतं, किंवा पोटातल्या आम्लात वाया जातं. अशी गोळी कार्डावर दिसली की डिस्चार्जच्या आधीच डॉक्टरांकडून पर्याय मागा. बाकीच्या गोळ्या एकेक करून, बारीक पूड, पाण्यात विरघळवून, प्रत्येकीनंतर पाणी. फीड देताना डोकं ३० ते ४५ अंश वर, आणि नंतरही निदान अर्धा-पाऊण तास तसंच. दर वेळी नाकाजवळची नळीवरची खूण जागेवर आहे का बघायचं. खोकला किंवा धाप लागली तर फीड लगेच थांबवायचं. नळी निघाली तर घरी परत सरकवायची नाही.

लघवीची पिशवी कमरेच्या खाली पण जमिनीला न टेकता. रिक्षात बसवताना नातेवाईक ती मांडीवर ठेवतात आणि लघवी उलटी वर जाते. जिन्यावरच दाखवून द्या.

अंथरुणाला खिळलेल्यांना दर दोन तासांनी कूस. माकडहाड, टाचा, खुबे रोज उजेडात बघायचे. लालसर डाग बोटाने दाबूनही पांढरा होत नसेल तर जखमेची सुरुवात झाली, तिथे चोळायचं नाही. मधे भोक असलेली रिंगची उशी विकत आणू नका म्हणावं, कडेने रक्तपुरवठा दबतो. रात्रीचं काय, हा प्रश्न प्रत्येक घरातून येतो. एका खोलीत सहा माणसं झोपतात तिथे दोनचा गजर लावणं सोपं नसतं. मी तिथे पाळ्या वाटून देते, नावानिशी कागदावर. कामावर जाणाऱ्या मुलाचं नावही त्यात घालते. सगळं सुनेच्या अंगावर टाकलेला कागद चार दिवसांत फाटतो.

विचारा, लिहा, फोन करा

"समजलं का?" हा प्रश्न बंद करा. त्याऐवजी म्हणा, "मी नीट सांगितलं की नाही ते मला बघायचंय. घरी गेल्यावर मुलीला कसं सांगाल?" चुकलं तर दोष आपल्याकडे घ्या आणि तेवढाच भाग पुन्हा सांगा. गोळ्या ओळखून दाखवायला लावा, सिरिंजमध्ये खुणेपर्यंत सलाईन ओढून दाखवायला लावा.

धोक्याची लक्षणं त्या पेशंटपुरती तीनच लिहा, आणि रात्री कुठे जायचं तेही. घोडबंदर रोडच्या पेशंटला रात्री कळव्याच्या पालिका हॉस्पिटलला जा म्हणणं आणि संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये जा म्हणणं यात फरक आहे. जवळचं ठिकाण त्यांच्याशी बोलून ठरवा.

नोंदीत "औषधांची माहिती दिली" एवढंच लिहिलं तर उद्या कुणाला काहीच कळत नाही. मी असं लिहिते: "सुनेला हिंदीतून इन्सुलिन शिकवलं. लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये १२ युनिट तिने स्वतः दोनदा ओढले, दुसऱ्या वेळी बरोबर. साखर उतरल्याची लक्षणं तिने चार सांगितली. घरातली जुनी ॲम्लोडिपिन बंद, फुली मारली. संकष्टीच्या डोसबद्दल डॉक्टरांना विचारलं, कार्डावर ओळ घातली." वेळ आणि सही.

तिसऱ्या दिवशी फोन. वॉर्डात पद्धत नसेल तर इन्चार्ज सिस्टरना विचारून सुरू करा. एका फोनला चार मिनिटं लागतात. "बरं आहे ना?" विचारू नका, बरंच आहे म्हणतील. "पिशवी जवळ घ्या आणि आज सकाळपासून काय काय घेतलं ते वाचून दाखवा," असं म्हणा. आणि फोनची वेळ त्यांच्या दिवसाप्रमाणे निवडा. त्या माथाडी काकांना मी दुपारी दोनला फोन केला होता. बायकोने उचलला आणि कुजबुजत म्हणाली, "झोपलेत हो सिस्टर, पाचनंतर करा."